सॅलडसाठी अख्खी ज्वारी की खपली गहू?

चैत्राच्या तोंडावर कोवळी काकडी, गाजर, कांद्याची पात आणि पहिली कैरी एकदम बाजारात येते. त्यांच्या सॅलडला कोणतं धान्य घ्यावं, असं एका मैत्रिणीने विचारलं. पाकिटांवरचे 'सुपरफूड' वगैरे शब्द बाजूला ठेवून सांगते.

खर्चात ज्वारी सरस. रब्बीची मालदांडी याच सुमारास नवी येते. खपलीचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं. ते काढायला वेगळं कांडप लागतं, म्हणून ती महाग.

कष्ट सारखेच: दोन्ही रात्रभर भिजवायची, भरपूर पाण्यात कुकरला शिजवायची आणि चाळणीत निथळून पसरून गार करायची. वाफ निघण्याआधी भाज्या घातल्या तर काकडी मलूल पडते.

खरा फरक चवीत आणि टिकण्यात आहे. खपलीचा दाणा चिवट, किंचित गोडसर. लिंबू-तेल मुरलं की दुसऱ्या दिवशी ती आणखी छान लागते. ज्वारी ताजी असताना मऊ आणि मोकळी, पण फ्रिजमध्ये कडक होते. पुन्हा वाफवावी लागते. मात्र कैरीचा आंबटपणा, हिरवी मिरची आणि भरडलेले शेंगदाणे ज्वारीवर जितके खुलतात तितके खपलीवर नाही, हे माझं ठाम मत.

ग्लूटेन चालत नसेल तर ज्वारीच. खपली शेवटी गहूच आहे. करून लगेच वाढायचं असेल तरी ज्वारी. सकाळच्या डब्यासाठी रात्रीच करून ठेवायचं असेल तर खपली घ्या.