पोस्टग्रेस कमांड लाइनवरून चालू-बंद करताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिसातले पोस्टग्रेस या डेटाबेसचे सर्व्हर गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले. तेव्हापासून चालू-बंदचं सगळं काम 'पीजी-सीटीएल' (pg_ctl) या त्याच्याच कमांडवर चाललंय. चालू करण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डेटा डिरेक्टरी सांगा, लॉगची फाइल सांगा, झालं. आवृत्ती १० पासून ही कमांड सर्व्हर खरोखर कनेक्शन घ्यायला लागेपर्यंत थांबते, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये अंदाजाने 'स्लीप' (काही सेकंद नुसतं थांबणं) घालून देवाचं नाव घेणं बंद झालं. रूटने (मशीनच्या सर्वाधिकारी युजरने) चालवायला गेलात तर सरळ नकार देते, आणि ते बरंच आहे.

खरी परीक्षा बंद करताना. त्याचे तीन प्रकार. 'स्मार्ट' नवी कनेक्शनं घेत नाही आणि जुनी आपणहून सुटायची वाट बघतं. नाव स्मार्ट, पण ॲप्लिकेशनचा कनेक्शन पूल (कायम उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) कधी आपणहून सुटलाय? ६० सेकंदांनी कमांड हात टेकते आणि सर्व्हर अर्धं शटर ओढलेल्या दुकानासारखा राहतो: आतले आत, बाहेरचे बाहेर. 'फास्ट' अर्धवट ट्रान्झॅक्शन रोलबॅक करून (मागे फिरवून) सगळ्यांना बाहेर काढतं. ९.५ पासून डीफॉल्ट हेच आहे, आणि माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं. 'इमिजिएट' मी फक्त टेस्ट मशीनवर वापरतो. त्यात काही आवराआवर होत नाही, मग पुढच्या वेळी चालू होताना वॉल लॉगवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) रिकव्हरी करत बसावं लागतं.

फास्टही दरवेळी झटपट होतंच असं नाही. मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरवणारा चेकपॉइंट शेवटी असतोच, आणि लिखाण जास्त असलं की तो रेंगाळतो. म्हणून बंद करायच्या जरा आधी हाताने एक चेकपॉइंट मारून ठेवावा. बंद असण्याचा वेळ जाणवण्याइतका कमी होतो.

कंटेनरवाल्यांनी एक पाहून ठेवावं. प्रोसेसला थांबायला सांगणारा साधा सिग्नल 'सिगटर्म' म्हणजे पोस्टग्रेसच्या लेखी स्मार्ट, तर 'सिगइंट' हा दुसरा सिग्नल म्हणजे फास्ट. कंटेनर चालवणारा डॉकर आपला सिगटर्म पाठवतो आणि १० सेकंदांनी सरळ मारून टाकतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) सिगइंट ठरवून दिलेला आहे. स्वतः इमेज बनवली असेल तर तो आपणच घालायचा.

तक्रारी दोन. सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) असलेल्या मशीनवर हे हाताने चालवलं की सिस्टिमडीला पत्ता नसतो, त्याच्या लेखी सर्व्हर बंदच. डेबियन-उबंटूवर तर 'पीजी-सीटीएलक्लस्टर' हे वेगळंच वेष्टन आहे. ज्याने चालू केलं त्यानेच बंद करायचं, एवढा नियम टीमला घालून दिलाय. दुसरी तक्रार मोठी: स्मार्ट अडकलं तर कोणामुळे अडकलं हे कमांड सांगत नाही. 'पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी' (चालू कनेक्शनांची यादी) बघायला नवं कनेक्शन लागतं आणि तेच मिळत नाही. मग 'पीएस' या मशीनवरच्या प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमध्ये प्रोसेसची नावं वाचून युजर आणि आयपी शोधायचा, नाहीतर त्यावरच पुन्हा फास्ट द्यायचं. मी बहुतेक वेळा फास्ट देतो.