व्हँडरबिल्ट प्रश्नावली: फॉर्म चांगला, पण मुलीसाठी भरताना जपून

एडीएचडीची (लक्ष न टिकणं, चुळबुळ, उतावळेपणा यांची अडचण) शंका घेऊन डॉक्टरांकडे गेलं की अनेकदा पहिल्याच भेटीत दोन फॉर्म हातात पडतात: एक आईवडिलांसाठी, एक शिक्षकांसाठी. मूल 6 ते 12 वर्षांचं असेल तर ते बऱ्याचदा व्हँडरबिल्टचे असतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि एनआयसीएचक्यू ही मुलांच्या आरोग्यसेवेच्या दर्जावर काम करणारी अमेरिकी संस्था यांनी 2002 मध्ये डॉक्टरांसाठी जो संच काढला, त्यातून हा फॉर्म जगभर पसरला. तो फुकट मिळतो, दहा-पंधरा मिनिटांत भरून होतो आणि त्याचे गुण कुणालाही मोजता येतात. मात्र मुलीसाठी तो दहा मिनिटांत उरकला, तर तिची अडचण त्यातून निसटण्याची शक्यता मोठी आहे. दोष प्रश्नांचा कमी आणि भरण्याच्या पद्धतीचा जास्त आहे, म्हणून हे सविस्तर.

आधी रचना पाहू. पालकांच्या फॉर्ममध्ये 55 प्रश्न आहेत. 1 ते 9 लक्ष न टिकण्याबद्दल, 10 ते 18 चुळबुळ आणि उतावळेपणाबद्दल, 19 ते 40 उलटून बोलणं, खोटं, मारामारी अशा वागण्याबद्दल, 41 ते 47 चिंता आणि उदासीबद्दल. यांची उत्तरं 0 ते 3 मध्ये द्यायची. शेवटचे आठ, म्हणजे 48 ते 55, अभ्यास आणि नात्यांबद्दल आहेत आणि त्यांचं मोजमाप वेगळं, 1 ते 5. शिक्षकांचा फॉर्म 43 प्रश्नांचा.

गुण मोजताना सर्वांत जास्त घोळ होतो तो बेरजेचा. इथे बेरीज करायचीच नसते. 2 किंवा 3 मिळालेले प्रश्न किती, एवढंच मोजायचं. पहिल्या नऊ प्रश्नांना 3, 3, 3, 3, 3, 1, 1, 1, 1 अशी उत्तरं असतील तर बेरीज 19 होते, पण मोजले जाणारे प्रश्न पाचच. फॉर्मच्या हिशोबात ती मुलगी बसत नाही. दुसरीकडे सहा प्रश्नांना 2 आणि तिघांना 0 असेल तर बेरीज फक्त 12, तरी सहा प्रश्न भरले आणि ती बसते. नऊपैकी सहा ही अट डीएसएम या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीतली आहे (17 वर्षांपासून पुढे पाच पुरतात). त्यामुळे 1 द्यायचा की 2, या एका निर्णयावर सगळं फिरतं. मराठीत मनातल्या मनात अर्थ लावताना 1 म्हणजे ‘कधीतरी’, 2 म्हणजे ‘बऱ्याचदा’, 3 म्हणजे ‘जवळजवळ रोज’ असं धरा. ‘कधीकधी’ हा शब्द आपण बोलताना फार सैल वापरतो. आठवड्यातून चार दिवस डबा शाळेत विसरणाऱ्या मुलीलाही ‘कधीकधी विसरते’ म्हणून मोकळे होतो. तो 1 नव्हे, 2 आहे.

आता मुलींचा खरा प्रश्न. सातवा प्रश्न वस्तू हरवण्याचा. आई रोज रात्री दप्तर तपासते, पेन्सिलींची जास्तीची पेटी कपाटात ठेवते, वहीवर नाव घालते. मग मुलगी काही हरवत नाही आणि फॉर्मवर 0 पडतो. हा 0 आईच्या कष्टांचा आहे. पाचव्या (कामाची आखणी), सातव्या आणि नवव्या (रोजचा विसराळूपणा) प्रश्नाला उत्तर देताना स्वतःला विचारा: ही मदत आठवडाभर थांबवली तर काय होईल? अंदाजाने लिहू नका, थांबवूनच बघा. परीक्षा नसलेला आठवडा निवडा, दप्तराला हात लावू नका आणि रोज रात्री दोन ओळी नोंद ठेवा: काय राहिलं, काय हरवलं, किती वेळा सांगावं लागलं. मग उत्तर द्या आणि समासात लिहा, ‘मदत नसताना’. मूल्यमापन करणाऱ्याला त्या दोन शब्दांचा मोठा उपयोग होतो.

चौथ्या प्रश्नातला कंसही वाचा. सांगितलेलं काम अर्धवट राहतं का, हे विचारताना हट्टाने नकार दिलेला किंवा काम न समजलेलं धरू नका, असं त्यात आहे. कपाट आवरायला पाठवलेली मुलगी तासाभराने जुनी चित्रं पसरून बसलेली सापडते. तिला नाही म्हणायचं नव्हतं. हे इथे मोजायचं.

पण सर्वांत मोठी अडचण 48 ते 55 मध्ये आहे. लक्षणांचे सहा प्रश्न भरले तरी पुरत नाही. या शेवटच्या आठांपैकी निदान एकाला 4 किंवा 5 हवा. 3 म्हणजे सर्वसाधारण, 4 म्हणजे थोडी अडचण, 5 म्हणजे ठळक अडचण. आणि इथेच हुशार, शांत मुलगी सुटते. गुण चांगले, बाई खूश, म्हणून सगळीकडे 1 आणि 2. जो गृहपाठ वर्गातल्या इतरांचा अर्ध्या तासात होतो तो हिचा तीन तास चालतो, त्यात दोनदा रडारड होते आणि आई शेजारी बसल्याशिवाय पान उलटत नाही, हे कुठेच दिसत नाही. फॉर्म फळ मोजतो, त्यासाठी मोजलेली किंमत मोजत नाही. ही या प्रश्नावलीची खरी उणीव आहे आणि ती लहान नाही. उपाय एकच: पाच दिवस गृहपाठाला बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहा, मध्ये किती वेळा उठली ते लिहा आणि तो कागद फॉर्मला जोडा. 52 ते 54 हे आईवडील, भावंडं आणि मित्रमैत्रिणींशी असलेल्या नात्यांबद्दल आहेत. तेही गुणपत्रिकेच्या भरात घाईने भरू नका. खेळताना नियम मध्येच विसरते, बोलणं तोडते, म्हणून मैत्रिणी टाळतात, हीसुद्धा अडचणच आहे.

10 ते 18 मध्ये सगळे 0 आले तर घरात ‘मग काही नाही’ असा सुस्कारा सुटतो. चूक. केवळ लक्ष न टिकणं हा एडीएचडीचा मान्य प्रकार आहे आणि मुलींत तो विशेष दिसतो. शिवाय यातले काही प्रश्न पळण्या-चढण्याच्या भाषेत आहेत. मुलीची अस्वस्थता केसांशी खेळण्यात, नखं कुरतडण्यात, वहीच्या कोपऱ्यात चित्रं गिरवण्यात, न थांबता बोलण्यात असते. दहाव्या आणि पंधराव्या प्रश्नाला ते धरा.

शिक्षकांचा फॉर्म कुणाला द्यायचा, यावर पुष्कळ अवलंबून आहे. वर्ष सुरू होऊन दोन-तीन महिने झालेले असावेत आणि जी व्यक्ती तिला रोज, लिखाणाच्या कामात बघते तिलाच द्यावा. जमल्यास दोघांकडून घ्यावा. देताना ‘त्रास देते का ते सांगा’ असं म्हणू नका. तसं विचारलं की शांत मुलीला 0 मिळतात. ‘सांगितलेलं काम वेळेत पूर्ण होतं का, ते 40, 42 आणि 43 मध्ये नीट बघून लिहा’ असं म्हणा. सूचना पाळणं, काम पूर्ण करणं आणि नीटनेटकेपणा हे ते तीन प्रश्न. दोन्ही फॉर्म वेगवेगळे मोजायचे, सरासरी काढायची नाही. दोघांत फरक पडला तर तीही माहितीच आहे: शाळेत दिवसभर सांभाळून घरी कोसळणाऱ्या मुली असतात. पण लक्षणं दोन ठिकाणी दिसायला हवीत ही अट कायम आहे, म्हणून शाळेकडून नुसता कोरा नकार आला तर जुन्या वह्या आणि प्रगतिपुस्तकातले शेरे बरोबर न्या. ‘हुशार आहे, पण मन लावत नाही’ हा शेरा तीन वर्षं सलग असेल तर तो पुरावा आहे.

41 ते 47 मध्ये तीन किंवा जास्त प्रश्नांना 2-3 आले, तर फक्त चिंतेचं निदान घेऊन घरी येऊ नका. चिंता आणि एडीएचडी एकत्र असतात. चिंता आधीपासून होती की सतत चुकण्याच्या, बोलणी खाण्याच्या भीतीतून आली, हे विचारलं गेलं पाहिजे.

फॉर्म विचारत नाही अशा गोष्टीही आहेत. झोप, घोरणं, ऐकू येणं, दिसणं, रक्तातलं लोह, थायरॉइड, वाचनातली विशिष्ट अडचण. आणि फिट्स: काही सेकंद टक लावून बघणं, हाक मारून किंवा हात लावूनही भानावर न येणं आणि मग काहीच न घडल्यासारखं पुढे सुरू होणं. हाताला स्पर्श केल्यावर दचकून वळली तर बहुधा तंद्री. वळली नाही तर आधी मेंदूविकारतज्ज्ञ. मुलीला स्वतःला भरायला यात एकही पान नाही, ही दुसरी मोठी उणीव. कॉनर्स या दुसऱ्या प्रश्नावलीत 8 वर्षांपासून मुलांनी स्वतः भरायचा भाग आहे आणि तुलना त्याच वयाच्या मुलींशी करता येते. व्हँडरबिल्टमध्ये मुलगा-मुलगी सगळ्यांना तोच सहाचा उंबरठा. बारा वर्षांपुढच्या मुलीसाठी कॉनर्सचा आग्रह धरा.

एवढं असूनही हा फॉर्म आम्ही सुचवतो, कारण निदानानंतर तो पुन्हा कामाला येतो. ज्या प्रश्नाला 3, तिथे मदत: चौथ्याला 3 असेल तर एका वेळी एकच सूचना, फळ्यावर लिहून, सहाव्याला 3 तर गृहपाठाची संख्या अर्धी, काठिण्य तेच, दहा-दहा मिनिटांचे तुकडे, सातव्याला 3 तर पुस्तकांचा दुसरा संच शाळेत. शाळेला पत्र लिहिताना ‘लक्ष द्यावे’ असं मोघम लिहू नका, हे असं लिहा.

औषध सुरू झालं तर पाठपुराव्याचा छोटा फॉर्म वापरा: 18 लक्षणं, 8 अडचणी आणि दुष्परिणामांची यादी. पहिली प्रत गोळी सुरू होण्याआधी भरलेली हवीच, नाहीतर पुढच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. मात्रा बदलली की पुन्हा भरा, शक्यतो त्याच वाराला. कमी काळ टिकणाऱ्या मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचा असर साधारण चार तास राहतो, म्हणजे गोळीच्या वेळेनुसार तो शाळेत किंवा घरी उतरतो; चिडचिड सकाळी उशिरा, दुपारी की संध्याकाळी, हे त्या यादीत म्हणूनच वेगळं विचारलं आहे. दुपारची भूक, झोप लागायला लागणारा वेळ आणि वजन-उंची शेजारी लिहीत जा.

फॉर्मच्या वरच्या बाजूला ‘औषध चालू असताना की नसताना’ अशी चौकट आहे, ती रिकामी राहते. भरा, तारीख घाला आणि प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा. लक्षणं 12 वर्षांआधी होती का, हे तिला पंचविसाव्या वर्षीही विचारलं जाईल आणि तेव्हा दाखवायला हेच कागद असतील.