कीर्ती चाचणी आणि खेलो इंडिया शिष्यवृत्ती: गोव्यातून पाहिल्यावर

वर्षाला ६.२८ लाख रुपये. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या क्रीडा योजनेतल्या शिष्यवृत्तीचा विषय निघाला की पालकांच्या तोंडी आधी हाच आकडा येतो, आणि गैरसमजही इथूनच सुरू होतो. यातले खेळाडूच्या हाती पडतात ते १.२० लाख, म्हणजे महिन्याला १०,०००. तेही दर महिन्याला नाही, तिमाहीचे ३०,००० एकदम. उरलेले ५.०८ लाख प्रशिक्षण, राहणं, आहार, किट, स्पर्धांचा प्रवास, शिक्षण आणि विमा यांसाठी असतात आणि ते मान्यताप्राप्त अकादमीच्या मार्फत खर्च होतात. गोव्यातल्या साखळी इथल्या घरी राहून, संध्याकाळी गावातल्याच कोचकडे सराव करणाऱ्या मुलीला या मोठ्या हिश्श्याचा उपयोग जवळपास शून्य. मुलाला घराबाहेर ठेवायची तयारी आहे का, हा प्रश्न घरात अर्ज भरण्याआधी सोडवावा. निवडीनंतर सोडवायला गेलं की भांडणं होतात.

तरीही योजना वाईट नाही. मदत ८ वर्षांपर्यंत चालू शकते, आणि भारतातल्या खेळात इतका लांबचा शब्द फारसा कोणी देत नाही. अट एकच, दरवर्षी कामगिरी तपासली जाते आणि मागे पडलेल्यांची नावं गळतात. हे योग्यच आहे. फक्त दुखापतीचं वर्ष आणि आळसाचं वर्ष कागदावर सारखंच दिसतं, म्हणून डॉक्टरांचे रिपोर्ट आणि फिजिओच्या नोंदी तारखेसह जपून ठेवा.

आता या योजनेच्या दरवाजाकडे येऊ. कीर्ती, म्हणजे खेलो इंडिया रायझिंग टॅलेंट आयडेंटिफिकेशन, १२ मार्च २०२४ ला चंदीगडमध्ये सुरू झाली. वय ९ ते १८, नोंदणी माय भारत पोर्टलवर, सुरुवातीला १० खेळ आणि देशभर ५० केंद्रं. कल्पना सरळ आहे. पदक मिळवलेल्या मुलाला शोधण्यात काही कसब नाही, पदक मिळण्याआधी शोधायचं. त्यासाठी आधी साध्या शारीरिक चाचण्या, मग खेळानुसार कौशल्याच्या. दरवाजा म्हणून उत्तम. निकाल म्हणून तो कितपत धरायचा, हे मात्र माप कसं घेतलं गेलं यावर ठरतं.

शाळांतल्या फिटनेस चाचण्यांतली ५० मीटर धाव घ्या. वेळ घेणारे पीई टीचर शेवटच्या रेषेवर उभे असतात आणि बहुतेक वेळा शिट्टी ऐकून घड्याळ दाबतात. आवाजाला ५० मीटर यायला साधारण ०.१५ सेकंद लागतात. म्हणजे मूल कागदावर तेवढं वेगवान ठरलं. निशाण पाहून घड्याळ सुरू करणाऱ्या शाळेतलं मूल त्याच वेगानं धावूनही मागे पडतं. हातघड्याळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ यांतला फरक ॲथलेटिक्समध्ये १०० मीटरला ०.२४ सेकंद धरतात, आणि हातघड्याळाची वेळ पुढच्या दशांशाला वर नेऊन लिहितात. शाळेच्या वहीत ७.८३ असं लिहिलेलं दिसलं की ओळखावं, माप घेणाऱ्याला नियम माहीत नाही.

६०० मीटरमध्ये तर याहून गंमत. ४०० मीटरच्या ट्रॅकवर त्या दीड फेऱ्या. ६० बाय ४० मीटरच्या शाळेच्या मैदानावर कडेनं धावलं तर तीन फेऱ्यांत नेमके ६०० मीटर भरतात, पण १२ काटकोनी वळणं येतात. जांभ्याच्या बारीक खड्यांवर प्रत्येक वळणाला वेग तोडावाच लागतो. पूर्ण आकाराच्या, १०० बाय ६४ च्या फुटबॉल मैदानाला दोन फेऱ्या मारल्या तर ६५६ मीटर होतात. या तिन्ही मुलांची वेळ एकाच रकान्यात भरली जाते. म्हणून एक सल्ला: खऱ्या चाचणीआधी बांबोळीसारख्या सिंथेटिक ट्रॅकवर एकदा तरी ६०० मीटर धाववून घ्या. सवय नसलेली मुलं पहिल्या १०० मीटरमध्येच सगळं ओतून टाकतात आणि शेवटच्या वळणावर चालायला लागतात.

उभ्यानं लांब उडीत चूक ठरलेली असते. उडी घेताना पाय आधी हलकासा उचलून पुन्हा टेकवला की प्रयत्न बाद. उतरल्यावर तोल मागे जाऊन हात टेकला तर माप हाताच्या खुणेपर्यंतच. चांगली २ मीटरची उडी अशी दीड मीटरवर येते. दोष ताकदीचा नसतो, मुलाला उतरायला कोणी शिकवलेलंच नसतं. आठवडाभराचं काम आहे.

या व्यवस्थेचा सगळ्यात कमकुवत भाग वयाचा. शालेय स्पर्धांत वय ३१ डिसेंबरला मोजतात, त्यामुळे १४ वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला जवळजवळ वर्षाच्या फरकानं एकाच रांगेत उभे राहतात. त्यात मुलींची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती साधारण १२ व्या वर्षी, मुलांची १४ व्या. लवकर वाढलेला मुलगा त्या वर्षी सगळ्यांना मागे टाकतो आणि १७ व्या वर्षी सरासरीत येतो. उशिरा वाढणारा तोवर खेळ सोडून क्लासला लागलेला असतो. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. दर तीन महिन्यांनी उभी उंची, बसून उंची आणि वजन लिहून ठेवा. वाढीचा झपाटा आधी पायांत दिसतो, धड मागून येतं. ही वही निवड समितीपुढे ठेवलेली बरी, निदान कोच तरी वाचेल. याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखू लागलं तर उड्या आणि स्प्रिंट कमी करा. ‘खेळून खेळून जाईल’ म्हणणारा कोच बदला.

कागदपत्रांत गोव्याची स्वतःची एक डोकेदुखी आहे. आडनावाचं रोमन स्पेलिंग जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेच्या रजिस्टरवर तिसरं. नाईक आणि गावकर मंडळींना सांगायला नको. नोंदणीआधी हे एकसारखं करून घ्या, कारण खेळाच्या संघटनेचा नोंदणी क्रमांक एकदा चुकीच्या नावानं निघाला की पुढची प्रमाणपत्रं त्याच नावानं येत राहतात. वयाबद्दल शंका आली तर टीडब्ल्यू-३ चाचणी होते. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून १३ हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज बांधतात. अंदाजच तो. लवकर वाढलेलं मूल खरं वय सांगूनही त्यात अडकू शकतं, म्हणून जन्मानंतर लगेच नोंदलेला दाखला हाताशी हवा.

मधली शिडी मात्र जवळजवळ गायब आहे. चाचणीत दिसलेलं मूल आणि शिष्यवृत्तीला पात्र ठरलेला खेळाडू यांच्यात दोन ते चार वर्षं जातात, कारण शिष्यवृत्तीची निवड मुख्यतः खेलो इंडिया स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा आणि निवड समित्यांच्या ट्रायलमधून होते. ही वर्षं पालकांच्या खिशातून निघतात. राज्याचे जिवबादादा केरकर किंवा दिलीप सरदेसाई यांच्या नावाचे पुरस्कार मानाचे आहेत, पण ते कामगिरी झाल्यावर मिळतात. गोव्यात झालेल्या २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी मैदानं आणि हॉल सज्ज झाले, पेडे, कांपाल, फातोर्डा, नावेली. मात्र काणकोणच्या मुलाला कांपालच्या तलावापर्यंत सत्तरेक किलोमीटर यावं लागतं, आणि पहाटेच्या सरावाला बस नसते. त्यात दहावीचे क्रीडागुण पदरात पडले की अनेक घरांत खेळाचा विषयच संपतो.

फुटबॉलमध्ये कधीकाळी ही मधली शिडी क्लबांनी धरली होती. २००७-०८ ते २०१२-१३ या सलग सहा हंगामांत आय-लीगचं, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल फुटबॉल लीगचं, विजेतेपद गोव्यातच आलं: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. गावातल्या स्पर्धेत पोरगा दिसला की त्याला क्लबच्या ज्युनियर संघात घ्यायचं आणि वर्षानुवर्षं सांभाळायचं, अशी ती रीत. घड्याळ-टेपची चाचणी हे काम करू शकत नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, आणि ही शिडी किती मोजक्या खांद्यांवर होती ते कळलं.

वरच्या टोकाला टॉप्स, म्हणजे टार्गेट ऑलिंपिक पोडियम स्कीम, आहे. २०१४ पासूनची ही योजना मुख्य गटाला महिना ५०,०००, विकास गटाला २५,००० देते आणि परदेशी सराव, कोच, उपकरणं यांचा खर्च वेगळा उचलते. तिथवर पोचलेल्याला तक्रारीला फारशी जागा नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत खेळलेली तनिषा क्रास्टो गोव्याची म्हणून आपण मिरवतो, पण ती जन्मली आणि खेळ शिकली दुबईत, हेही लक्षात असू द्या.

मग चाचणी द्यावी का? ॲथलेटिक्स, कुस्ती, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग यांच्याकडे कल असेल तर जरूर, आणि शक्यतो वाढीचा झपाटा येऊन गेल्यावर पुन्हा एकदा. फुटबॉलवाल्यांनी द्यावी, पण भरवसा सामन्यांवर आणि क्लबवर ठेवावा. बुद्धिबळाला तिचा उपयोग नाही. लिऑन मेंडोंसा, अनुराग म्हामल किंवा भक्ती कुलकर्णी यांची प्रतिभा लांब उडीत दिसली नसती, तिथे रेटिंगच्या स्पर्धा हाच रस्ता. विंडसर्फिंगचंही तसंच, आधी पाण्यावर जायला हवं. आणि कुठल्याही खेळात निवड झाली की त्याच दिवशी घरातलं औषधांचं कपाट तपासा. नाडा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, कुमार खेळाडूंचीही उत्तेजक चाचणी घेते, आणि सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे सापडलं तर प्रकरण होतं. नाडाच्या ‘नो युअर मेडिसिन’ ॲपवर औषधाचं नाव टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. प्रोटीनचे डबे मात्र त्यात सापडतीलच असं नाही, ते सरळ बंद करा.