एअर रायफलसाठी 200 बारचा हातपंप : सांगलीच्या दमट हवेत नऊ महिने वापरल्यानंतर

माझी मुलगी नेमबाजीच्या 10 मीटर एअर रायफल प्रकारात सराव करते. ही रायफल दाबलेल्या हवेच्या जोरावर छरा सोडते, आणि तिच्या सिलिंडरमध्ये हवा भरण्याचे काम गेल्या जूनपासून माझ्याकडे आहे. रेंजवर मोठ्या टाकीतून हवा भरून मिळते, परंतु विश्रामबागेतील आमच्या घरापासून रेंज लांब पडते, म्हणून तीन टप्प्यांत हवा दाबणारा हातपंप विकत घेतला. पावसाळा, हिवाळा आणि आता उन्हाची सुरुवात अशा तिन्ही हवामानांत तो वापरून झाल्यावरच लिहायचे, असे ठरवले होते.

आधी दाबाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार दाब असतो. रायफलच्या सिलिंडरमध्ये आम्ही 200 बारपर्यंत हवा भरतो, म्हणजे जवळपास 90 पट. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर 8 ते 10 बारच्या पुढे फारसा जात नाही, त्यामुळे तो येथे निरुपयोगी आहे. आमच्या ओळखीच्या एका वेल्डिंगवाल्यांनी, ‘ऑक्सिजनच्या बाटलीतून भरून देतो, दोन मिनिटांचे काम आहे,’ असे अगदी आपुलकीने सांगितले होते. हा सल्ला कोणीही, कधीही ऐकू नये. जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा किंवा ग्रीसचा अंश क्षणात पेट घेतो आणि सिलिंडर फुटू शकतो. भरायची ती कोरडी, स्वच्छ हवाच.

यातला ‘कोरडी’ हा शब्द सांगलीत सर्वांत महाग पडतो. सिलिंडर 100 बारवरून 200 बारवर न्यायला साधारण 20 लिटर बाहेरची हवा आत दाबावी लागते, आणि जुलैतील पावसाळी, दमट दिवसांत तेवढ्या हवेत जवळपास अर्धा ग्रॅम पाणी असते. आठवड्यातून दोनदा भरले तर चार महिन्यांत ते तीन चहाचे चमचे होईल. त्यातले बरेचसे पंपातच साठते आणि दाब सोडताना बाहेर पडते. पण जे आत जाते ते सिलिंडरच्या आतल्या बाजूला आणि दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरला गंज चढवते. मी हळदीच्या व्यापारात आहे. ओल राहिलेल्या मालाचे काय होते हे पाहण्यातच आयुष्य गेले, त्यामुळे ही गोष्ट मला चटकन पटली.

पंपासोबत हवा शोषताना ओल धरून ठेवणाऱ्या सिलिका जेलची एक नळी आली होती. दाणे कोरडे असताना नारिंगी असतात, ओल धरली की हिरवट होतात. ऑगस्टमध्ये दर आठ-दहा दिवसांनी ते बदलावे लागले, जानेवारीत महिनाभर पुरले. हिरवे झालेले दाणे मी स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या वेगळ्या पत्र्याच्या भांड्यात मंद आचेवर तापवून पुन्हा नारिंगी करतो. पावसाळ्यात दर 40 हातांनंतर (दांडा एकदा वर-खाली केला की एक हात) थांबून दाब सोडण्याचा स्क्रू सावकाश उघडतो. पहिल्यांदा उघडला तेव्हा खाली धरलेल्या पांढऱ्या फडक्यावर पाण्याचे राखाडी थेंब उमटले होते, ते पाहून थांबण्याचा कंटाळा कायमचा गेला.

मेहनतीबद्दल जाहिरातीत कोणी बोलत नाही. 100 ते 200 बारसाठी मला 120 च्या आसपास हात मारावे लागतात. दीडशे बारनंतर दंडांची ताकद पुरत नाही; हात सरळ ठेवून अंगाचे वजन दांड्यावर सोडावे लागते. माझे वजन 71 किलो आहे, तरी शेवटचे 20 हात जड जातात, आणि चौदा वर्षांच्या मुलीने हे काम एकटीने करावे असे मला वाटत नाही. घाई केली तर पंप इतका तापतो की आतली रबरी कडी लवकर झिजते.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी मुलगी म्हणाली, “बाबा, काटा खाली आलाय.” रात्री 200 वर असलेला काटा 192 वर होता. गळती समजून मी दिवसभर साबणाचे पाणी लावत बसलो आणि कोठेही बुडबुडा दिसला नाही. कारण साधे होते : दाबलेली हवा गरम असते, ती निवली की दाब उतरतो. आता मी भरल्यावर तासभर थांबतो आणि मगच आकडा वहीत लिहितो.

खरी गळती डिसेंबरमध्ये झाली, पंपाच्या जोडावरच्या कडीला चीर गेल्यामुळे. ज्यांच्याकडून पंप घेतला त्यांनी फोनवर शिलाई मशीनचे दोन थेंब तेल सोडायला सांगितले. मला ते खटकले, म्हणून माहितीपुस्तिका पुन्हा वाचली. त्यात खनिज तेलाला स्पष्ट मनाई आहे, कारण दाबाने तापलेल्या हवेत असे तेल पेटू शकते. फक्त सिलिकॉन ग्रीस, आणि तेही बोटाला लागेल इतकेच. विकणाऱ्यानेच असा सल्ला द्यावा, याचा मला आजही राग आहे.

भरण्यापूर्वी आम्ही रायफल रिकामी असल्याची खात्री करतो, नळी मोकळी असल्याचे दिसावे म्हणून रायफलच्या नळीत भडक रंगाची सेफ्टी दोरी घालतो, सिलिंडर काढून घेतो आणि रायफल पेटीत ठेवतो. सिलिंडर हातानेच आवळायचा, पाना लावायचा नाही. काढण्यापूर्वी पंपातील दाब पूर्ण सोडायचा आणि त्या वेळी चेहरा जोडाच्या रेषेत ठेवायचा नाही. सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहणे तितकेच आवश्यक आहे. उत्पादक सहसा 10 वर्षांची मुदत देतात. आम्हाला स्वस्तात मिळणारा एक जुना सिलिंडर केवळ या तारखेमुळे मी परत केला. छरे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय घरात कोणी पाण्याच्या भांड्यालाही हात लावत नाही.

पंप पुन्हा घेईन का, तर घेईन, पण दोन जादा कड्या आणि जादा सिलिका जेल त्याच दिवशी मागवून. ज्यांची रेंज जवळ आहे आणि तेथे हवा व्यवस्थित वाळवून भरून मिळते, त्यांनी हे पैसे छऱ्यांवर खर्च करावेत. आमच्या पंपाची मुख्य कडी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी बदलणार आहे.