पिकअपच्या 'फ्रंटच्या कामाचे' 27 हजार घेतले, किंगपिन मात्र जुनीच

ओतूर, आळेफाटा, नारायणगाव भागात ज्यांच्याकडं जुन्या पिकअप आहेत आणि सीझनला टोमॅटो-कांदा भरून मालशेजनं कल्याणला नाहीतर वाशीला जातात त्यांनी हे वाचाच. थोडं मोठं झालंय पण पैशापेक्षा जिवाचा विषय आहे म्हणून सगळं लिहितोय. गॅरेजचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, हायवेला लागून आहे एवढंच.

आमची गाडी 2013 ची. पुढं अख्खा अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग), म्हणजे किंगपिनवाली, किंगपिन म्हणजे जिच्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडं वळतं ती पिन. 2025 च्या उन्हाळ्यात तिला पुढून लडबड सुरू झाली. म्हणजे कशी, तर 40-50 च्या स्पीडला एखादा खड्डा नाहीतर पुलाचा जॉइंट लागला की पुढची दोन्ही चाकं एकदम नाचायला लागायची, स्टेअरिंग हातातून सुटतंय असं वाटायचं आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते थांबायचं नाही. इथं एक सांगतो, 70-80 ला स्टेअरिंग एकसारखं बारीक थरथरतं ते वेगळं, ते बऱ्याचदा बॅलन्सिंगचं नाहीतर वाकलेल्या रिमचं असतं. खड्डा लागल्यावर चाकं नाचतात तेव्हा बहुतेक कुठंतरी प्ले (ढिलेपणा) झालेला असतो, किंगपिनमध्ये, टाय रॉड एंडमध्ये (स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा), पाट्याच्या बुशमध्ये (पिनभोवतीची नळी), किंवा थोडा थोडा सगळीकडंच. हा फरक माहीत नसलेल्या माणसाला गॅरेजवाला काहीही सांगू शकतो.

गाडी माझा चुलत भाऊ चालवतो. त्यानं गाडी त्या हायवेच्या गॅरेजला नेली, त्यांनी जॅक लावला, चाकाखाली लांब पहार घातली आणि जोर लावून हलवून दाखवलं, "बघा शेठ, सगळं गेलंय, पूर्ण फ्रंट खोलावं लागंल." पहारीनं जोर लावला की चांगली गाडी पण थोडी हलतेच! यादी सांगितली ती अशी, दोन्ही बाजूची किंगपिन किट, टाय रॉड एंड, पाट्याचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी कडी) बुश, दोन शॉकअप, हब बेअरिंग, वर अलायमेंट. 27,000 ठरले. भाऊ म्हणाला बिल पाहिजे, तर म्हणे पक्कं बिल घेतलं तर 28 टक्के वर पडतील. तेव्हा बहुतेक स्पेअर पार्टवर 28 टक्के जीएसटी होता हे खरं, पण मजुरीवर 18 च होता, आणि यानं सगळ्या रकमेवर 28 सांगितला. (22 सप्टेंबर 2025 पासून पार्टवर पण 18 झालाय, तरी अजून कुणी 28 सांगत असेल तर सावध.) भाऊ अडून बसला म्हणून शेवटी लेटरहेडवर हातानं लिहून दिलं, "फ्रंट काम कम्प्लीट, 27,000". कुठला पार्ट, कुठल्या कंपनीचा, किती नग, काही नाही. पैसे मात्र फोनवरून पाठवले होते त्याचा आता उपयोग होतोय. जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला".

गाडी आणली तेव्हा लडबड खरंच नव्हती. पण स्टेअरिंग जड झालं होतं, आणि वळण घेतल्यावर जे आपोआप सरळ येतं ते यायचंच बंद झालं. गॅरेजला फोन केला तर "नवीन सामान आहे दादा, बसायला वेळ लागतो, चालवा बिनधास्त". किंगपिन नवीन घातली की थोडी टाइट असते त्यामुळं हे पटण्यासारखं होतं, आणि तेच वाईट, की खोटं असं खऱ्याला लागून सांगतात. पुढच्याच आठवड्यात टोमॅटोचे क्रेट भरून मालशेज उतरताना एका वळणावर स्टेअरिंग तिथंच अडकल्यासारखं राहिलं, भावानं दोन्ही हातांनी ओढून परत आणलं. खाली मुरबाडच्या रोडला लागल्यावर खड्डा लागला आणि चाकं परत तशीच नाचली, आता तर आधीपेक्षा जास्त. लोड गाडी, समोरून एसटी येत होती. काही झालं नाही, पण त्या दिवशी भाऊ घरी येऊन जेवला नाही.

मग गाडी आमच्या जुन्या मिस्त्रींकडं लावली. ते वयानं मोठे आहेत, फक्त पाट्याच्या गाड्यांचं काम करतात. त्यांनी आधी काहीच खोललं नाही. चाक जमिनीवरून उचललं, वर-खाली धरून हलवलं, प्ले दिसला. मग मला म्हणाले, "बाळा, ब्रेक दाबून धर." ब्रेक दाबल्यावर हब (चाक बसतं तो भाग) आणि स्टब (हब ज्यावर फिरतं तो दांडा) एकमेकांना धरून राहतात, त्यामुळं प्ले बेअरिंगचा असेल तर तो जातो आणि किंगपिनचा असेल तर तसाच राहतो. तसाच राहिला. नंतर चाकं जमिनीवर असताना एकाला स्टेअरिंग डावी-उजवीकडं थोडं थोडं हलवायला सांगून ते खाली झोपले आणि टाय रॉड एंडला हात लावून बघितलं, आतला बॉल खळखळत होता. दहा-पंधरा मिनिटांत हे कळलं, एक रुपया न घेता.

खोलल्यावर जे निघालं ते असं. किंगपिन जुनीच, आणि बुश झिजला होता तिथं पातळ पत्रा गुंडाळून पिन परत ठोकली होती, वरून ग्रीस इतकं भरलेलं की हाताला प्ले लागू नये. किंगपिनचं खरं काम असं असतं की जुने बुश काढून नवीन दाबायचे आणि मग वरच्या-खालच्या दोन्ही बुशमधून एका लाइनीत रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारून पिन हातानं सरकेल एवढं माप करायचं. त्याला वेळ लागतो, रीमर लागतो, नाहीतर लेथवाल्याकडं जावं लागतं. पत्रा लावला की अर्ध्या तासात काम होतं आणि थोड्या दिवसांत तो फाटून बाहेर येतो. टाय रॉड एंडला काळा स्प्रे मारलेला, नखानं खरवडला तर खाली गंज, फक्त स्प्लिट पिन नव्या. शॉकअपला पण तोच स्प्रे. पाट्यांना तर हातच लावला नव्हता, पाटे अॅक्सलला आवळणाऱ्या यू क्लॅम्पच्या नटांवर मागच्या पावसाळ्याचा चिखल वाळलेला तसाच होता, बुश बदलले असते तर निदान शॅकलचे नट तरी स्वच्छ दिसले असते. एका बाजूचं हब बेअरिंग तेवढं नवीन निघालं.

आणि लडबड थांबली कशानं, तर स्टेअरिंग बॉक्सच्या वरचा अॅडजस्टिंग स्क्रू पूर्ण आवळून ठेवला होता. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. तो स्क्रू बॉक्सच्या आतल्या गिअरचा प्ले कमी करायला असतो, थोडासाच फिरवायचा. तो गच्च आवळला की सगळं स्टेअरिंग जाम होतं आणि पुढची हालचाल दबून राहते, गिऱ्हाइकाला वाटतं गाडी दुरुस्त झाली. पण स्टेअरिंग परत येत नाही, आतले गिअर झिजतात, आणि घाटात लोड घेऊन उतरताना ते अडकलं तर माणूस काय करणार? पैशासाठी पार्ट बदलला नाही ही चोरी झाली, पण हे त्याच्यापेक्षा वाईट आहे, कारण हे करणाऱ्याला माहीत असतं की ही गाडी मालशेज उतरणार आहे.

मिस्त्रींनी सगळं नीट करून दिलं, रीमर आमच्यासमोर मारला, जुने पार्ट पिशवीत भरून दिले आणि टो-इन (पुढची चाकं आत किती वळलेली आहेत ते) बघून घ्यायला लावला, कारण टायर आतून करवतीसारखे कातरले गेले होते. सामान मजुरी धरून 14,200 झाले. यू क्लॅम्प थोडं चालवल्यावर परत आवळून घ्यायचे हे पण त्यांनीच सांगितलं, आणि किंगपिनच्या निप्पलला ग्रीसिंग चुकवू नका म्हणाले.

पहिल्या गॅरेजला पिशवी घेऊन गेलो तर आधी "हे आमचं कामच नाही", मग लिहून दिलेला कागद दाखवल्यावर "पोरानं चूक केली असंल". शेवटी 5 हजार देतो, कागद परत द्या. आम्ही नाही म्हणालो. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला आधी तक्रार नोंदवली, तिथं गॅरेजवाला आलाच नाही, म्हणून आता ई-जागृतीवरून (ग्राहक तक्रारींचं सरकारी पोर्टल) जिल्हा ग्राहक आयोगात टाकली आहे. बरेच जण म्हणतात धंद्याच्या गाडीला ग्राहक कायदा लागत नाही. पण 2019 च्या कायद्यात असं आहे की माणसानं वस्तू फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः वापरायला घेतली असेल तर तो धंद्याचा वापर धरत नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील पाहिजेच असं पण नाही, फक्त घटनेपासून दोन वर्षांच्या आत टाकायची. मिस्त्रींनी काय काय निघालं ते लिहून सही करून दिलंय, पत्र्याचे तुकडे आणि खोलतानाचा व्हिडिओ जोडलाय. तुमच्यापैकी कुणाचं हायवेवरच्या अशाच गॅरेजमध्ये पुढचं काम झालं असेल आणि स्टेअरिंग वळणावरून आपोआप परत येत नसेल, तर लोड भरायच्या आधी बॉक्सचा तो स्क्रू बघून घ्या.