फ्रेटलेस बास: उघडं शिसवी लाकूड की इपॉक्सी?

कोथरूडच्या एका मित्राने बास गिटारचे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढले, खाचांत लाकडाच्या पातळ पट्ट्या भरल्या. आता शिसवी फिंगरबोर्ड (मानेवर तारा दाबतो ती फळी) तसाच ठेवू की इपॉक्सी (सुकून कडक होणारी राळ) चढवू, यावर गाडी अडलीय.

खर्चात उघडं लाकूड जिंकतं. थोडं तेल पुरतं. टिकाऊपणात मात्र राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या, खरखरीत) तारा त्याला चर पाडतात. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) लावल्या तर बराच काळ निभतं.

इपॉक्सी कडक, आवाज उजळ आणि लांबणारा. फ्रेटलेस बाससाठी गाजलेल्या जॅझ वादक जाको पास्टोरियसच्या बासवरही तीच होती. पण मेहनत बेदम. थर, घासणं, पुन्हा थर, आणि घासताना फिंगरबोर्डची गोलाई बिघडली की मुसळ केरात. पुण्यातल्या जुलैत तर नकोच. दमट हवेत थरावर चिकट साय धरते.

जॅझ, राउंडवाउंड आणि रोजचा रियाझ असेल तर इपॉक्सी, दिवाळीनंतर. भावगीतांना मऊ साथ करायची असेल तर तेल आणि फ्लॅटवाउंड.