होबार्टचं लॅक्रोस: एक शनिवार काढून जिनिव्हाला जाच

अपस्टेट न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्या, किंवा पोरं कॉर्नेल, रॉचेस्टर, सिराक्यूजला शिकायला असलेल्या मराठी मंडळींनी वसंतात एक शनिवार राखून ठेवावा आणि जिनिव्हा गावात जाऊन होबार्ट कॉलेजच्या मुलांची लॅक्रोस मॅच (टोकाला जाळी असलेल्या काठीने बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ) बघावी, असं माझं अगदी स्पष्ट मत आहे. रॉचेस्टरहून गाडीने साधारण तास, सिराक्यूजहूनही तेवढाच, थ्रूवेच्या ४२ नंबरच्या एक्झिटला उतरायचं आणि सेनेका लेककडे खाली यायचं. आमच्या ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतं की लहान मुलांना घेऊन इथे कुठला खेळ बघायला जावं, फुटबॉल कळत नाही, बेसबॉल संपत नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी कॉलेजबद्दल, कारण ते किती छोटं आहे हे कळल्याशिवाय बाकीची मजा कळणार नाही. होबार्ट हे मुलांचं कॉलेज, १८२२ सालचं, आणि त्याला जोडून मुलींचं विल्यम स्मिथ, १९०८ सालचं, दोन्ही मिळून विद्यार्थी दोन हजारांच्या आत-बाहेर. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजातसुद्धा याहून जास्त पोरं असतात. (एलिझाबेथ ब्लॅकवेल, अमेरिकेत डॉक्टरकीची डिग्री मिळवणारी पहिली बाई, तिला ती डिग्री १८४९ मध्ये याच कॉलेजच्या मेडिकल शाखेने दिली. आनंदीबाई जोशींची गोष्ट ऐकत मोठं झालेल्या माणसाला त्या गावात गेल्यावर हे आठवतंच, मला तरी आठवतं.) तर एवढ्याशा कॉलेजचे बाकी सगळे खेळ एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, डिव्हिजन तीनमध्ये, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या गटात, आणि फक्त मुलांचं लॅक्रोस डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे सिराक्यूज, कॉर्नेल वगैरे दिग्गजांच्या पंगतीत. एकच खेळ वरच्या गटात. यात या टीमचं सगळं मोठेपण आहे आणि सगळी ओढाताणही.

इतिहास म्हणाल तर डोकं चक्रावतं. इथे लॅक्रोस १८९८ पासून खेळतात. बेब क्राउस नावाचे कोच १९२६ ते १९६६, म्हणजे जवळजवळ अख्खं आयुष्य, इथेच होते. त्यांच्यानंतर आले जेरी श्मिट, जे खेळाडू असताना १९६२ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या खेळांच्या मॅगझिनच्या कव्हरवर झळकले होते, आणि त्यांनी १९७२ चं छोट्या कॉलेजांचं विजेतेपद आणलं, मग १९७६ आणि १९७७ मध्ये एनसीएए डिव्हिजन दोनची. त्यांच्याच काळात रिक गिल्बर्ट नावाचा एक अटॅकमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, होऊन गेला, १९७१ ते १९७४, चार वर्षांत ४४४ पॉइंट्स, आणि त्यातले २८७ असिस्ट. हा आकडा जरा थांबून वाचा. स्वतः केलेले गोल १५७ आणि दुसऱ्याला करून दिलेले २८७! मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, की या कॉलेजचा सगळ्यात गाजलेला खेळाडू हा मुळात दुसऱ्याला वाढणारा माणूस होता, ताटात पडेल ते एकट्याने खाणारा नव्हे.

आणि मग डेव्ह युरिक. १९८० ते १९८९, दहा सीझन, डिव्हिजन तीनची दहा नॅशनल टायटल. एकही वर्ष चुकलं नाही. ते जॉर्जटाऊन युनिव्हर्सिटीला गेल्यावर बी. जे. ओ'हारा यांनी १९९० आणि १९९१ ला तेच पुढे चालवलं, म्हणजे सलग बारा. १९९२ ला रॉचेस्टरच्या नाझरेथ कॉलेजने साखळी तोडली, १९९३ ला होबार्टने परत जिंकलं. कॉलेजची पोरं चार वर्षांत बदलतात हे लक्षात घ्या, म्हणजे बारा वर्षांत टीम अख्खीच्या अख्खी तीनदा नवी झाली तरी कप घरीच. अशा वेळी मी कोचलाच श्रेय देते, कारण दुसरं काही टिकलेलंच नसतं.

यानंतर त्यांनी काय केलं, तर १९९५ च्या सीझनपासून सरळ डिव्हिजन एकमध्ये उडी मारली. म्हणजे जिथे दरवर्षी जिंकत होते ती जागा सोडली आणि जिथे दहा-दहा पट मोठ्या युनिव्हर्सिट्या आहेत तिथे गेले. तेव्हापासून नॅशनल टायटल नाही. यावर दोन तट आहेत आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं मला समजतं. २००८ मध्ये कॉलेजने जाहीर केलं होतं की टीम परत डिव्हिजन तीनमध्ये नेणार, तर माजी खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. माझं विचाराल तर त्या माजी खेळाडूंचं बरोबर होतं. हरलेली मॅचही सिराक्यूजविरुद्धची असेल तर त्या मुलाला वीस वर्षांनी सांगायला काहीतरी असतं, आणि कधीतरी जिंकतातही, २०१३ मध्ये जिंकले, आणि त्याच वर्षी तीच सिराक्यूजची टीम पुढे नॅशनल फायनलला गेली! या दोघांमधल्या मॅचला क्राउस-सिमन्स ट्रॉफी म्हणतात, क्राउस होबार्टचे आणि सिमन्स बापलेक सिराक्यूजचे, दोन्हीकडच्या जुन्या कोचांच्या नावाने. सध्या टीम अटलांटिक टेन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या एका गटात, आहे, २०२३ पासून. अलीकडची दहाएक वर्षं कोच ग्रेग रेमंड, आणि त्यांच्या टीमचा खेळ बघताना मला तरी कधी वाटलं नाही की ही पोरं आपण लहान आहोत असं मनात धरून मैदानात आलीत.

आता प्रत्यक्ष मॅच. मैदान कॉलेजच्या आवारातच, बॉसवेल फील्ड, जांभळा-केशरी रंग सगळीकडे, आणि तुम्ही खेळाच्या इतके जवळ बसता की टीव्हीवर कधी ऐकू न येणारं सगळं ऐकू येतं. नवख्या माणसाने बॉलमागे डोळे पळवू नयेत, दमायला होतं, तो बॉल घट्ट रबराचा आणि चांगल्या शूटरच्या हातून ताशी १४० किलोमीटरच्या पुढे जातो. त्यापेक्षा गोलकीपरचं ऐका. तो सतत ओरडत असतो, बॉल कुठे आहे ते, डावीकडे, मागे, वर, आणि डिफेन्सवाले ओरडून उत्तर देतात, कोण कोणाला धरतोय, पुढे गेला तर मदतीला कोण येणार. डिफेन्सवाल्यांच्या काठ्या सहा फुटांपर्यंत लांब असतात, अटॅकवाल्यांच्या साडेतीन फुटांच्या आसपास. काठी कोणती आहे एवढं बघितलं तरी कोण काय करणार ते लगेच कळायला लागतं. गोल सहा फूट बाय सहा फूट, आणि त्या चौकटीसमोर हेल्मेट, छातीचं पॅड आणि ग्लोव्हज एवढ्यावर उभा राहणारा तो पोरगा, पायाला बहुतेक वेळा काहीच नाही. पहिल्यांदा बघताना माझ्या तोंडून 'अरे देवा' निघालं होतं.

फेसऑफ मात्र चुकवू नका. प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर मधोमध दोघं वाकून समोरासमोर बसतात, बॉल जमिनीवर दोन काठ्यांच्या मध्ये. पूर्वी गुडघा टेकून करायचे, २०२१ पासून कॉलेजमध्ये गुडघा टेकायला बंदी आहे, त्यामुळे आता सगळा भार पंजांवर. शिट्टी झाली की सेकंदाच्या आत मनगटाचा खेळ संपतो आणि मग बॉल सुटला तर विंगवरून दोन्हीकडची पोरं धावत येतात, खांद्याला खांदा, आणि जो सगळ्यात खाली वाकेल त्याला बॉल मिळतो. एका मॅचला माझे सासरे आमच्यासोबत होते, साताऱ्याकडचे, तरुणपणी कबड्डी खेळलेले. पहिला क्वार्टर ते गप्प बसले होते, मग असा एक सुटलेला बॉल जांभळ्या जर्सीतल्या अगदी बारक्या पोराने दोन धिप्पाड पोरांच्या पायांखालून उचलला तर एकदम उठूनच उभे राहिले. 'अगं, उंचीवर नाही चाललंय हे, कमरेत वाकणाऱ्याचा खेळ आहे,' म्हणाले. मी म्हटलं, 'बाबा, तेच तर सांगत होते तुम्हाला गाडीत.' नंतर मात्र घड्याळाचा नियम त्यांनीच मला समजावला, ऐंशी सेकंदांत शॉट गोलवर घ्यायचा नाहीतर बॉल समोरच्याला, 'आमच्या तीस सेकंदांच्या चढाईसारखंच की, वेळ काढूपणा बंद.' हा ऐंशी सेकंदांचा नियम कॉलेज लॅक्रोसमध्ये २०१९ पासून आहे, आणि छोट्या टीमसाठी तो अवघडच, कारण पूर्वी बॉल धरून मोठ्या टीमला ताटकळत ठेवता यायचं, ते आता जमत नाही. त्यामुळे होबार्टसारख्या टीमला धावूनच जिंकावं लागतं, आणि बेंचवर किती पोरं ताजी आहेत यावर चौथा क्वार्टर ठरतो. मिडफिल्डवाले खेळ चालू असतानाच आत-बाहेर पळत बदलतात, कोच नुसतं बोट दाखवतात आणि तीन आत तीन बाहेर. कोच पोरांशी कसं बोलतात तेही बघा, चूक झाली की बाहेर आलेल्या पोराला असिस्टंट कोच बाजूला घेतो, दोन वाक्यं, हेल्मेटवर हलकी थाप, आणि पुढच्या शिफ्टला तोच पोरगा परत आत. आमच्या मुलाला मी मुद्दाम ते बघायला लावते, कारण मागे त्याच्या एका शाळेतल्या खेळात (नाव घेत नाही) चुकलेल्या पोरांना उरलेली मॅच बसवूनच ठेवायचे आणि त्याने खेळच सोडला होता.

एक गोष्ट मात्र मॅचला जाण्याआधी मुलांना घरी सांगून न्या, कारण ती तिथे बसून नुसती बघून कळत नाही. हा खेळ या जमिनीचाच आहे. हौडेनोसौनी, म्हणजे सहा राष्ट्रांचा जो मूळ रहिवाशांचा महासंघ, त्यातले सेनेका लोक याच तळ्याकाठी राहायचे आणि आजच्या जिनिव्हाच्या जवळच त्यांचं कनादासेगा नावाचं मोठं गाव होतं. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमाने निघालेल्या जनरल सलिव्हनच्या फौजेने ते जाळलं, शेतं, फळबागा सगळं. त्या लोकांसाठी लॅक्रोस हा सृष्टीच्या निर्मात्याने दिलेला खेळ आहे, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणूनही खेळतात, हिकरीच्या लाकडाची काठी अजूनही हाताने बनवतात. आणि ते लोक आहेत, नुसते पुस्तकात नाहीत, त्यांची स्वतःची टीम स्वतःच्या झेंड्याखाली वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळते, २०१४, २०१८ आणि २०२३ ला ब्राँझ आणलंय. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लॅक्रोस परत आलंय, सहा-सहा जणांचं, आणि तो निर्णय कुठे झाला माहितीये? मुंबईत! ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिम्पिक कमिटीची बैठक मुंबईला होती, तिथेच क्रिकेट आणि लॅक्रोस एकाच दिवशी आत आले. आपण सगळे क्रिकेटच्या आनंदात होतो, पण त्याच ठरावाने या लोकांसाठीही एक दार उघडलं, फक्त त्यांना तिथे स्वतःच्या झेंड्याखाली खेळू द्यावं ही त्यांची मागणी आहे, आणि मला ती शंभर टक्के रास्त वाटते. ज्यांनी खेळ दिला त्यांनाच दुसऱ्याची जर्सी घालायला लावायची हे कुठल्या न्यायात बसतं?

रेटिंग द्यायचंच तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो निव्वळ हवामानामुळे, सीझन फेब्रुवारीत सुरू होतो आणि तेव्हा तळ्यावरून जो वारा येतो तो जॅकेटमधून आरपार जातो, एप्रिलमध्येसुद्धा ब्लँकेट लागतंच. लहान मुलं असतील तर मार्चच्या मॅचच्या भानगडीत पडू नका, सरळ एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यांतली घरची मॅच बघा, कॉन्फरन्समधली असेल तर उत्तमच, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं आणि पोरं जीव तोडून खेळतात. लांब राहत असाल तर अटलांटिक टेनच्या मॅच ईएसपीएनच्या ऑनलाइन सेवेवर दिसतात, पण गोलकीपरचं ते ओरडणं त्यात नीट ऐकू येत नाही, म्हणून जमलं तर जाच. खाण्याचं घरून घेऊन जा, आम्ही डब्यात थेपले आणि थर्मासमध्ये चहा नेतो, आणि मॅच संपल्यावर मैदानातून लगेच निघण्याऐवजी तळ्याच्या काठाने दक्षिणेकडे थोडी गाडी घ्या, द्राक्षमळे लागतात दोन्ही बाजूंना. पुढच्या सीझनला आम्ही सिराक्यूजवाली मॅच गाठणार आहोत, रॉचेस्टरहून कोणी येणार असेल तर खाली लिहा, दोन गाड्या करू.